लिंबाने गिळलेली गोळी

सकाळच्या भाज्या चुलीवर चढल्या की वनमाला काळमेघ आपलं औषध लिंबाला पाजायची.

अमरावतीत अंबागेटच्या आत तिची खानावळ होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक स्टीलचा पेला ठेवलेला असे. त्यात लिंबू पिळायचं, रुपेरी टोपीची कॅप्सूल टाकायची, डाव्या हाताची दोन बोटं बुडवून उभं राहायचं आणि उजव्या हाताने पातोडीच्या रश्श्याला फोडणी द्यायची. फोडणी तडतडेपर्यंत कॅप्सूलची टोपी विरघळलेली असायची. मग तिच्या पोटावर चिकटवलेली पट्टी गुरगुरायची आणि पट्टीतली बाई गोड आवाजात म्हणायची, "वनमालाजी, आपण औषध घेतलंत. धन्यवाद."

"मी नाई, लिंबानं घेतलं," वनमाला म्हणायची आणि पेला मोरीत उपडा करायची.

त्यानंतर ती खरं औषध घ्यायची. वेलदोडे कुटायच्या छोट्या खलबत्त्यात मिरगीची साधी पांढरी गोळी टाकायची, पीठ करायची, चमचाभर दह्यात कालवून चाटायची. याची नोंद मात्र कुठेही होत नसे.

हे कसलं थोतांड, असं कुणालाही वाटेल. थोतांडच होतं. पण ते सुरू वनमालाने केलेलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी वनमालाचं वजन एवढं होतं की गल्ल्यामागची खुर्ची तिने सुताराकडून खास बनवून घेतली होती. गुडघे गेले, श्वास लागायला लागला, रात्री झोपेत घुसमटायला लागली. शेवटी डॉ. मृणाल सोनटक्के यांनी तिची शस्त्रक्रिया केली. जठराचा बहुतेक भाग बाजूला सारून वर अंड्याएवढी पिशवी ठेवली आणि ती आतड्याला थेट पुढच्या वळणावर नेऊन जोडली. अन्नाचा पहिला रस्ताच बंद. चार घास खाल्ले की पोट भरायचं. खानावळवालीला चार घास पुरतात, यावर गावाने मनसोक्त हसून घेतलं.

तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, "वनमालाताई, गोळ्यांच्या बाबतीत आता तुमचे नियम वेगळे. मिरगीची गोळी कुटून घ्यायची किंवा पातळ औषध घ्यायचं. ती दिवसभर सावकाश विरघळणारी कॅप्सूल असते ना, ती तुमच्यासाठी नाही. तिला विरघळायला जेवढा रस्ता लागतो, तेवढा तुमच्या पोटात उरलेलाच नाही. आत जाईल तशी बाहेर येईल."

एवढी साधी गोष्ट. ती वनमालाला कळली, तिच्या गल्ल्यावरच्या पोराला कळली, भांडी घासणाऱ्या बाईला कळली. राज्याच्या आरोग्यसाक्ष योजनेला कळली नाही.

लोक औषधं नीट घेत नाहीत म्हणून पैसा वाया जातो, असं योजनेचं म्हणणं. म्हणून 'साक्षी' आली. साक्षी म्हणजे सावकाश विरघळणारी कॅप्सूल, आणि तिच्या टोपीत तांबं आणि मॅग्नेशियमची तिळाहून लहान कणिका. जठरातल्या आम्लात कणिका भिजली की तिच्यात इवलीशी वीज तयार होते. ती वीज अंगातून वाहत पोटपट्टीपर्यंत पोहोचते आणि पट्टी वर कळवते, की या माणसाने औषध घेतलं. मिरगी असो, मधुमेह असो, रक्तदाब असो, सगळ्यांना साक्षी. जो नीट घेईल त्याचं आरोग्यपत्र चालू. जो टाळेल त्याचं बंद. आरोग्यपत्र बंद म्हणजे दवाखाना बंद, तपासणी बंद, सगळं बंद.

आता वनमालाच्या त्या अंड्याएवढ्या पिशवीत आम्ल असतं किती? जवळपास नाहीच. ती बिचारी इमानदारीने साक्षी गिळायची. निम्म्या वेळा ती छातीत अडकायची, डोळ्यांतून पाणी यायचं. आणि पट्टी म्हणायची, "वनमालाजी, आपण औषध घेतलेलं नाही. कृपया टाळाटाळ करू नका." आम्लाशिवाय कणिका जागी व्हायची नाही. औषधही अंगाला लागायचं नाही. एके दिवशी कढी ढवळताना तिला झटका आला आणि ती चुलीवर कोसळली. उजवा हात कोपरापर्यंत उकळत्या कढीत गेला. ती शुद्धीवर आली तेव्हा पोटावरची बाई अजून बोलतच होती, "कृपया टाळाटाळ करू नका."

त्या दिवसापासून तिने साक्षीला तोंडात घेतलं नाही. साधी गोळी अजून दुकानात मिळत होती, ती कुटून घ्यायला लागली. झटके थांबले. पण पट्टीची बोंब चालूच. आरोग्यपत्र बंद करण्याची पहिली सूचना आली. आणि मग एकदा लोणच्याची लिंबं चिरताना फेकायला म्हणून हातात धरलेली कॅप्सूल रसाच्या परातीत पडली. ती काढायला वनमालाने बोटं घातली, टोपी मऊ होऊन विरघळत होती. पोटावरची बाई एकदम खूश. "आपण औषध घेतलंत. धन्यवाद."

वनमाला परातीकडे पाहत राहिली. मग एवढी हसली की भांडीवाली धावत आली, तिला वाटलं पुन्हा झटका आला.

अशी शस्त्रक्रिया झालेली माणसं एकमेकांना शोधून काढतात. अमरावतीतल्या अशा मंडळींनी स्वतःला 'चारघासवाले' असं नाव दिलं होतं. दर गुरुवारी दुपारची गर्दी ओसरली की ते वनमालाकडे जमायचे आणि पाच जण मिळून एक थाळी मागवायचे. तीही उरायची. एजाजभाई म्हणजे संत्र्याचे जुने अडते, एके काळी एकटे दोन कोंबड्या खाणारे. नलिनी घारफळकर मॅडम म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने परीक्षेचा हॉल गार पडायचा. लिंबाची युक्ती वनमालाने आधी या टेबलावर सांगितली.

"जिंदगीभर संत्री विकली," एजाजभाई म्हणाले, "पण वक्ताले कामी आलं लिंबू!"

घारफळकर मॅडमनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी त्याही बोटं बुडवायला लागल्या. "चाळीस वर्षं कॉपी पकडली," त्या म्हणाल्या, "आता रोज सकाळी अंघोळ करून कॉपी करते. आणि सांगू का, वनमाला, मला अजिबात लाज वाटत नाही."

युक्ती पसरली. बडनेऱ्याला गेली, अचलपूरला गेली, मोर्शी-वरुडला गेली. जिल्ह्यातला प्रत्येक चारघासवाला सकाळी लिंबू पिळायला लागला. सगळे खरं औषध कुटून घेत होते, सगळ्यांच्या तब्येती छान होत्या आणि सगळ्यांच्या पट्ट्या समाधानाने धन्यवाद म्हणत होत्या. आपण यंत्राला कसं उल्लू बनवलं, या आनंदात सगळे होते. ते यंत्र हे सगळं वर कुणाला तरी सांगतं आहे आणि तिथे बसलेली माणसं त्यावरून काही ठरवणार आहेत, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. वनमालाच्याही नाही.

एका गुरुवारी एजाजभाई हातातला मोबाइल नाचवत आले.

"वनूताई, मिठाई वाट! म्हंजे आपन खाऊ शकत नाई, पन वाट. तुहा सत्कार हाय!"

"कायचा?"

"साक्षीचा! सगळ्या राज्यात आपल्यासारख्या ऑपरेशनवाल्यांत अमरावती एक नंबर. शंभर टक्के औषध घेतात, शंभर टक्के ठणठणीत. मुंबईहून योजनेचे संचालक येऊन राहिले. डॉक्टर पाटणकर. स्टेजवर तुहं नाव हाय."

टेबल हसून हसून वेडं झालं. घारफळकर मॅडमनी चष्मा लावला, मोबाइल मागून घेतला आणि त्यावरचा मजकूर शेवटपर्यंत वाचला. शेवटपर्यंत वाचायची त्यांची सवय. त्यांचं हसू मावळलं.

"हे ऐका," त्या म्हणाल्या. "अमरावतीच्या यशावरून सिद्ध झालं आहे की वजनाच्या शस्त्रक्रियेनंतरही साक्षी तितकीच गुणकारी आहे. त्यामुळे कुटून घ्यायच्या साध्या गोळ्या आणि पातळ औषधं यांची आता गरज उरलेली नाही. पुढच्या महिन्यापासून त्यांचं उत्पादन बंद आणि विक्री बेकायदा."

वनमालाने नकळत उजव्या हातावरची भाजल्याची खूण पदराखाली ओढून घेतली.

"म्हणजे हे आपणच केलं," घारफळकर मॅडम म्हणाल्या. "आपण सगळे बरे, आणि पट्टी सांगते साक्षीने बरे. त्यांनी दोन्ही जोडलं. चूक काय त्यांची?"

"चूक काय?" वनमाला उसळली. "एकदा तरी येऊन पाहाले पायजे होतं का नाई? मॅडम, एका माणसानं तरी इचारलं का आपल्याले, की बाई, ते कॅप्सूल तुले पचते का?"

"सबूर," एजाजभाई म्हणाले. "गोळ्या जमा करू. नागपूरले माहा साडू हाय औषधवाला. चोरून आणू. जसं चाललं तसं चालू दे. सत्कार घे, शाल घे, घरी ये."

चारघासवाल्यांना ते पटलंही असतं. पण त्याच वेळी दारात एक बाई उभी राहिली. प्रवासाने चुरगळलेली साडी, हातात पिशवी.

"काळमेघ ताई कोण?" तिने विचारलं. "मी कुंदा पटले. गोंदियावरून आली."

वनमालाने तिला बसवलं, पाणी दिलं, ताट वाढायला सांगितलं. कुंदाने ताटाला हात लावला नाही. तिचा नवरा टेकचंद शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याची हीच शस्त्रक्रिया झालेली, त्यालाही मिरगीच. इमानदार माणूस, रोज साक्षी गिळायचा. आणि पट्टी रोज म्हणायची, घेतली नाही.

"मी माझ्या हातानं जिभेवर ठेवतो, ताई," कुंदा म्हणाली. तिकडच्या बोलीत बायाही असंच बोलतात. "माझ्या डोळ्यासमोर गिळतात. मशीन म्हणते नाही गिळली. आता झटक्यावर झटके येतात. वर्गात फळ्यासमोर पडले. डॉक्टरनं काय म्हटलं माहीत आहे? म्हणे, अमरावतीत तुमच्यासारखे सगळे घेतात, सगळे ठणठणीत आहेत, मग तुमचाच नवरा कसा बरा होत नाही? थुंकत असेल. खोटारडा आहे. कार्ड बंद केलं आमचं."

तिने ताट बाजूला सारलं.

"मी तुम्हाले विचाराले आली, ताई. तुम्ही लोक काय खाता? कशासोबत घेता? तुमच्या पोटात असं काय आहे, जे माझ्या माणसाच्या पोटात नाही?"

वनमालाला जन्मात कधी उत्तर सुचलं नाही असं झालं नव्हतं. गिऱ्हाइकांना, सासूला, मेलेल्या नवऱ्याच्या भावांना, सगळ्यांना तिने तोंडावर उत्तर दिलं होतं. कुंदाला मात्र ते दाखवावं लागणार होतं.

ती उठली. पेला आणला. लिंबू पिळलं. कॅप्सूल टाकली, बोटं बुडवली.

"आपण औषध घेतलंत. धन्यवाद."

कुंदा पेल्याकडे पाहत राहिली. मग वनमालाच्या चेहऱ्याकडे. समजायला तिला फार वेळ लागला नाही. ती रडली नाही. "म्हणजे माझा माणूस खरा होता," एवढंच म्हणाली. "तुम्ही सगळे खोटे, म्हणून तो खोटारडा ठरला."

वनमालाने खलबत्ता आणि आपल्याकडची साध्या गोळ्यांची एक पट्टी तिच्या पिशवीत घातली. घेऊन जा म्हणाली नाही, नुसती घातली. "डॉक्टरले इचारल्याशिवाय देऊ नको," तिने बजावलं, आणि तिचं तिलाच कडू हसू आलं. कोणत्या डॉक्टरला? कार्ड तर बंद.

दुसऱ्या दिवशी ती डॉ. सोनटक्केंकडे गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

"मला कल्पना होती," त्या म्हणाल्या. "तुमच्या पिशवीत एवढं आम्ल असूच शकत नाही. कणिका रोज वेळेवर जागी होते, तीही सगळ्यांची? मी समजून होते. तुमचे झटके थांबले होते, म्हणून विचारलं नाही."

"मंग वर सांगा ना."

"सांगितलं होतं, सुरुवातीला. उत्तर आलं, आपले रुग्ण साक्षी नीट घेत नसतील. त्यांच्यासाठी औषध चुकत नाही, ताई. माणूसच चुकतो." त्यांनी डोळे चोळले. "तुम्ही बोललात तर तुमचं आरोग्यपत्र जाईल. पट्टीची फसवणूक म्हणून खटलाही होऊ शकतो. आणि या दवाखान्याची मान्यताही जाईल."

"आन् नाई बोलली तर?"

डॉक्टरांनी वनमालाची जुनी फाइल मिटली.

"तुमी मले कापलं तवा मी घाबरली नाई," वनमाला म्हणाली. "तुमी सांगितलं, जित्तं राहाचं असंल तर पोट अर्धं सोडावं लागंल. सोडलं. आता तुमची पाळी हाय काई सोडाची. पाहा जमते का."

सत्काराच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. डॉक्टर, नर्सा, औषधवाले, पाहुणे आणि मागे जिल्हाभरातून गाड्या भरून आणलेले चारघासवाले. मंचावर केवढा तरी पडदा. त्यावर जिल्ह्याच्या पट्ट्यांच्या नोंदी येत होत्या, सगळ्या हिरव्या. संचालक डॉ. विश्राम पाटणकर हसतमुख गृहस्थ होते. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. त्याचा पडद्यावर मनापासून विश्वास होता, एवढंच.

त्यांनी वनमालाला शाल दिली, नारळ दिला आणि तोंडापुढे पेढा धरला.

"घ्या, ताई, तोंड गोड करा."

वनमालाने पेढ्याकडे पाहिलं. "साहेब, हा पेढा खाल्ला तं मी पाच मिनटात घामानं भिजून इथंच आडवी होईन. माह्यासारख्यांले साखर अशी चालत नाई. ज्यांच्या औषधाचं तुमी ठरवता, त्यांले काय खाऊ घालू नये हे तं माहीत पायजे."

मागच्या रांगांत खसखस पिकली. संचालकांनी पेढा डब्यात ठेवला आणि हसू सांभाळत माइककडे वळले. "वनमालाताई आता आपल्यासमोर साक्षी घेतील. त्यांची पट्टी आपण पडद्याला जोडली आहे."

एका मुलीने ट्रेमधून पाणी आणलं. वनमालाने ते बाजूला सारलं, पिशवीतून आपला स्टीलचा पेला काढला, लिंबू काढलं, दाताने टोक तोडून पिळलं. कॅप्सूल टाकली. बोटं बुडवली. आणि तोंड सताड उघडं ठेवून सभागृहाकडे पाहत उभी राहिली, डॉक्टरांना घसा दाखवतात तशी.

सगळ्या भोंग्यांतून बाई बोलली, "वनमालाजी, आपण औषध घेतलंत. धन्यवाद."

पडद्यावर हिरवी खूण उमटली. आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या! तिचं तोंड उघडं होतं, कॅप्सूल पेल्यात होती, पण पडदा म्हणाला घेतली, म्हणून पुढच्या चार रांगा टाळ्या वाजवत राहिल्या. टाळ्या मागच्या रांगांत मात्र वाजल्या नाहीत.

"नाई समजलं का?" वनमालाने माइक ओढून घेतला. "थांबा, अजून घेते."

तिने पाकिटातल्या उरलेल्या सगळ्या कॅप्सूल पेल्यात ओतल्या. बाई धन्यवाद म्हणायला लागली. धन्यवाद. धन्यवाद. मग तिचा आवाज बदलला. पडदा लाल झाला. "अतिसेवन! वनमालाजींच्या जिवाला धोका आहे. रुग्णवाहिका निघाली आहे."

"साहेब," वनमाला म्हणाली, "पाहा, मी मरून राहिली. माही नाडी पाहा. तुमी डॉक्टर हा ना? पाहा ना नाडी."

पाटणकरांनी नाडी पाहिली नाही. त्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"ही फसवणूक आहे," ते म्हणाले. "सरकारी यंत्रणेशी केलेली फसवणूक. तुमचं आरोग्यपत्र या क्षणापासून रद्द होऊ शकतं, याची कल्पना आहे?"

"करा रद्द! ते कार्ड घेऊन मी काय करू, त्याच्यावर मिळते ती गोळी माह्या पोटात राहत नाई. तुमी पोटावर पहारा बसवला, पन पोटात डोकावून पाह्यलं नाई. मी खरं गिळत होती तवा तुमची बाई मले खोटारडी म्हने. आता लिंबाले पाजते तं सत्कार करते. हे माही फसवणूक हाय का तुमची?" तिने पदर मागे सारला आणि भाजलेला हात कोपरापर्यंत सगळ्यांना दाखवला. "हे तुमच्या साक्षीची साक्ष. आन् माही चूक बी सांगते. आमी तोंड दाबून लिंबं पिळत बसलो. आमचं भागलं, म्हनून गप्प राह्यलो. तिकडं गोंदियाले एक इमानदार माणूस आमच्या शंभर टक्क्यापायी खोटा ठरला. तो गुन्हा माहा. त्याचा खटला करा, मी येते."

घारफळकर मॅडम उठून उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं वर्गात वापरलेला आवाज त्यांना माइकशिवाय पुरला. "माझीही नोंद खोटी आहे. नलिनी घारफळकर. लिहून घ्या."

"एजाज शेख," मागून आवाज आला. "माही बी. रोज एक लिंबू, कधी कधी दोन."

मग चर्र असा आवाज झाला. कुणीतरी पोटावरची पट्टी सोलून काढली होती. दुसरी. तिसरी. बायांनी पदराआड हात घातले, बाप्यांनी सदरे वर केले. मागच्या रांगांतून चरचर चरचर सुरू झाली आणि पडद्यावरची हिरवी नावं एकेक करून राखाडी व्हायला लागली. संपर्क तुटला. संपर्क तुटला.

त्याच गोंधळात दार ढकलून रुग्णवाहिकेची दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आत आली. "अतिसेवन कुणी केलं?"

"त्या पेल्यानं," एजाजभाई म्हणाले. "लवकर न्या, वाचत नाई वाटते."

हसण्याचा असा लोट उठला की पाटणकरांचा आवाजच बुडाला. ते माइकमध्ये काहीतरी म्हणत होते. हसू ओसरलं तेव्हा ऐकू आलं. आवाजात आता राग नव्हता, खरोखरची काळजी होती.

"पण मग आम्हाला कळणार कसं? कुणी औषध घेतलं, कुणी नाही, हे कळायचं तरी कसं?"

"इचारा," वनमाला म्हणाली.

"आणि माणसं खोटं बोलली तर?"

"बोलतील ना. मंग इचारा की बाप्पा, तुले खोटं बोलाची पाळी काहून आली."

संचालक माइकपासून मागे सरले. सोबतच्या माणसाने त्यांच्या कानात काही सांगितलं, आणि पडद्यावर वनमाला काळमेघ हे नाव आधी लाल, मग काळं झालं. आरोग्यपत्र बंद. तिने वर पाहिलं, मान हलवली आणि शाल काढून नीट घडी करून खुर्चीवर ठेवली. ती पायऱ्या उतरायला लागली. घरी डब्यात किती गोळ्या उरल्या आहेत आणि त्या संपल्यावर चुलीपुढे उभं राहायचं की नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

ती उतरत असताना दुसरी एक बाई पायऱ्या चढत होती. चुरगळलेली साडी, हातात पिशवी. कुणी अडवायच्या आत कुंदा पटले माइकसमोर जाऊन उभी राहिली. तिला भाषण येत नव्हतं. तिने पिशवीतून साक्षीचं पाकीट काढलं, दुसऱ्या हातात पांढऱ्या गोळ्यांची पट्टी धरली आणि पुढच्या रांगेतल्या डॉक्टरांकडे पाहिलं. सगळ्यांकडे.

"माझा माणूस गोंदियाले खाटेवर आहे. हे दिलं तर मशीन नाही म्हणते. हे दिलं तर कायदा नाही म्हणते. तुम्ही शिकलेले लोक आहा. मी उद्या सकाळी त्याले काय देऊ?"

पुढची रांग हलली नाही. कुणी पडद्याकडे पाहिलं, पण पडद्यावर राखाडी नावांशिवाय काही नव्हतं. कुणी मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला.

मग एक खुर्ची मागे सरकली. डॉ. मृणाल सोनटक्के उठल्या. गळ्यातलं योजनेचं ओळखपत्र त्यांनी काढलं आणि खुर्चीवर टाकलं. मंचावर चढल्या, कुंदाचा हात धरून तिला बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर बसल्या, दवाखान्यात बसतात तशा. माइक चालू आहे की बंद, हे त्यांनी पाहिलंही नाही.

"घाई करू नका, कुंदाताई," त्या म्हणाल्या. "अगदी पहिल्यापासून सांगा. गोळी गिळली की त्यांना काय होतं?"